लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढणे : यात गैर नेमके कुठे सुरू होते?

नवकथा (प्रश्न)

नमस्कार. माझा कथासंग्रह मी दोन प्रकाशकांकडे पाठवला होता. एकाकडून काहीच उत्तर आले नाही. दुसऱ्याकडून आलेल्या पत्राच्या पहिल्या परिच्छेदात ‘आमच्या निवड समितीने आपल्या हस्तलिखिताची प्रकाशनासाठी निवड केली आहे, हार्दिक अभिनंदन’ असे होते आणि तिसऱ्या परिच्छेदात ‘लेखक सहभाग’ या नावाने एक रक्कम होती. ही रक्कम तीन हप्त्यांत द्यायची असून शेवटचा हप्ता पुस्तक छापायला जाण्याआधी चुकता करायचा आहे. त्याशिवाय पुस्तक तयार झाल्यावर २०० प्रती लेखकाने सवलतीच्या दराने स्वतः विकत घ्याव्यात, अशी अट आहे.

रक्कम परवडते की नाही हा माझा प्रश्न नाही. ज्याने लिहिण्याचे श्रम केले त्यानेच ते छापून यावे म्हणून पैसेही मोजायचे, हे मनाला पटत नाही. दुसरीकडे असेही वाटते की प्रकाशक काही धर्मादाय संस्था चालवत नाही, आणि ज्या लेखिकेचे नाव कुणी ऐकलेले नाही तिच्या कथांवर त्याने आपले भांडवल का लावावे, याचे उत्तर माझ्याकडे नाही. एका परिचित लेखकाने ‘हल्ली सगळेच देतात’ असे सांगून विषय मिटवला, पण त्याने माझे समाधान झाले नाही. लेखकाकडून पैसे घेणे मुळातच अनैतिक आहे का? नसेल, तर ते कोणत्या टप्प्यावर अनैतिक होते? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

संपादनमेज

मी बरीच वर्षे प्रकाशनसंस्थेत संपादनाचे काम करतो, त्यामुळे माझे मत एका बाजूने झुकलेले आहे हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

पैसे घेतले म्हणजे पाप केले, असे मी म्हणणार नाही. मुद्रितशोधन, अक्षरजुळणी, मांडणी, मुखपृष्ठ, छपाई ही सगळी मोबदला घेऊन करण्याचीच कामे आहेत, आणि एखाद्याला आपल्या कविता स्वतःच्या खर्चाने छापून आप्तेष्टांना द्यायच्या असतील तर ती कामे करून देणाऱ्याने पैसे घेण्यात काहीही वावगे नाही. तुमच्या पत्रातली खोट तिसऱ्या परिच्छेदात नसून पहिल्या परिच्छेदात आहे. ‘निवड समितीने निवड केली’ हे वाक्य तेव्हाच खरे असते, जेव्हा ती समिती पैसे द्यायला तयार असलेल्या लेखकालाही नाही म्हणू शकते.

प्रकाशक स्वतःचे भांडवल लावतो तेव्हा त्याच्या प्रत्येक होकाराला किंमत असते. चुकीचे पुस्तक निवडले तर गठ्ठे गोदामात पडून राहतात, विक्रेत्यांकडून प्रती परत येतात आणि वितरकाला दिलेले कमिशन, वाहतूक, छपाई हा सगळा भार त्याच्याच अंगावर पडतो. या भीतीपोटीच तो हस्तलिखित नीट वाचतो, लेखकाशी भांडून दोन कथा काढायला लावतो, शेवट पुन्हा लिहून मागतो आणि पुस्तक आल्यावर ते दुकानात दिसावे म्हणून धडपडतो. आता याच्या उलट, छपाईचा खर्च आणि प्रकाशकाचा नफा हे दोन्ही लेखकाच्या हप्त्यांतूनच वसूल झाले आहेत अशी कल्पना करा. पुस्तक छापखान्यातून बाहेर पडते त्या दिवशी प्रकाशकाचा व्यवहार पूर्ण झालेला असतो. त्यानंतर परीक्षणासाठी प्रत पाठवणे, विक्रेत्याला फोन करणे, वितरकामागे लागणे ही प्रत्येक गोष्ट त्याच्यासाठी निव्वळ वाढीव खर्च असते. तो माणूस लबाड असायलाच हवा असे नाही. त्याचे हिशेबच त्याला पुस्तक विकण्यापासून परावृत्त करतात.

निवडीचा देखावा किती पोकळ असू शकतो याचे एक गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. पब्लिशअमेरिका ही संस्था आपण चोखंदळ आणि पारंपरिक प्रकाशक असल्याचे सांगत असे. काही विज्ञानकथा-लेखकांनी मिळून ‘अटलांटा नाइट्स’ नावाची एक कादंबरी मुद्दाम जितकी वाईट लिहिता येईल तितकी वाईट लिहिली. तिच्यातली दोन प्रकरणे शब्दशः एकच होती, एक प्रकरण मुळी नव्हतेच आणि एक प्रकरण संगणकाने शब्दांची सरमिसळ करून तयार केलेले होते. डिसेंबर २००४ मध्ये संस्थेने ती स्वीकारल्याचे कळवले आणि जानेवारी २००५ मध्ये लेखकांनी बिंग फोडल्यावर स्वीकृती मागे घेतली. यातली लक्षात घेण्याजोगी बाब अशी की ही संस्था लेखकाकडून प्रकाशनाचे शुल्क घेत नाही असेच सांगत असे. तिच्यावरचा मुख्य आक्षेप हा होता की तिची खरी कमाई लेखकांनीच आपली पुस्तके विकत घेण्यातून होते. तुमच्या त्या २०० प्रतींच्या अटीकडे या दृष्टीने पुन्हा एकदा पाहा.

त्यांना एकच प्रश्न विचारा : या पुस्तकाची एकही प्रत वाचकाने घेतली नाही, तर तुमचे नुकसान किती होईल? उत्तर टाळले गेले, किंवा शून्य आले, तर समोर प्रकाशक नाही.

जुनी पाने

संपादनमेज यांचे विवेचन पटण्याजोगे आहे, पण त्यातून ‘ज्याने पैसे भरले त्याचे लेखन दुय्यम’ असा एक निष्कर्ष आपोआप डोकावतो आणि तो इतिहासाला धरून नाही. मार्सेल प्रूस्तच्या महाकादंबरीचा पहिला खंड अनेक ठिकाणांहून नाकारला गेल्यावर १९१३ मध्ये लेखकाच्याच खर्चाने निघाला.

जेन ऑस्टेनचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. तिची पहिली कादंबरी ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ १८११ मध्ये निघाली ती ‘कमिशन’वर, म्हणजे छपाईच्या खर्चाची जोखीम लेखिकेची आणि प्रकाशकाला विक्रीवर ठरावीक वाटा. ती आवृत्ती संपली आणि तिला १४० पौंडांचा नफा झाला. दुसऱ्या कादंबरीच्या वेळी, म्हणजे ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या वेळी, तिने सर्व हक्क त्याच प्रकाशकाला ११० पौंडांना विकून टाकले. या व्यवहारात जोखीम प्रकाशकाची होती, आजच्या भाषेत तो अधिक प्रतिष्ठेचा करार होता. पण पुढच्या आवृत्त्यांतून तिला काहीही मिळाले नाही. म्हणजे पैसे भरले तेथे ती मालक राहिली आणि पैसे घेतले तेथे मालकी गेली. तेव्हा पैसा कोणत्या दिशेने जातो यापेक्षा त्या पैशाच्या बदल्यात कोणाकडे काय राहते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे, असे मला वाटते.

नवकथा

दोघांचेही आभार. ‘कोणाकडे काय राहते’ हे वाचून कराराचा मसुदा पुन्हा काढून बसले. काही कलमे जशीच्या तशी देत आहे, संस्थेचे नाव अर्थातच देणार नाही.

‘प्रस्तुत पुस्तकाचे मुद्रित, डिजिटल, श्राव्य, अनुवाद व रूपांतर यांचे सर्व हक्क दहा वर्षांसाठी केवळ प्रकाशकाकडे राहतील.’ ‘प्रथम आवृत्तीच्या प्रतींची संख्या प्रकाशक ठरवील.’ ‘लेखकास विक्री झालेल्या प्रतींवर छापील किमतीच्या दहा टक्के स्वामित्वधन देय राहील, लेखकाने खरेदी केलेल्या प्रतींवर स्वामित्वधन देय राहणार नाही.’ ‘लेखक सहभागाची रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत केली जाणार नाही.’

पुस्तक अमुक मुदतीत निघेल, असे मात्र कुठेही लिहिलेले नाही. मी तसे फोनवर विचारले तेव्हा ‘आपला विश्वास महत्त्वाचा’ असे उत्तर मिळाले.

करारवाचक

मी कायद्याच्या क्षेत्रातला आहे. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असल्याने हा कायदेशीर सल्ला समजू नये. कलमांमागचा व्यवहार तेवढा उलगडून सांगतो.

सगळ्यात आक्षेपार्ह कलम पहिले आहे. प्रकाशकाला अनन्य हक्क कशाबद्दल दिले जातात? त्याने जोखीम पत्करून पैसे घातले, म्हणून ते परत मिळेपर्यंत दुसऱ्या कोणी तेच पुस्तक बाजारात आणू नये, ही त्यामागची न्याय्य कल्पना आहे. जेथे भांडवल लेखकाचे आहे तेथे या कल्पनेचा आधारच निघून जातो. तुमचा मसुदा मात्र दोन्हीकडचे फायदे एकाच बाजूला ओढतो : खर्च सेवा घेणाऱ्या ग्राहकासारखा तुम्ही करायचा आणि हक्क पारंपरिक करारातल्या लेखकासारखे तुम्ही सोडायचे. अनुवाद आणि रूपांतराचे हक्क तर छपाईशी संबंधितच नाहीत, मग छपाईचा खर्च तुम्हीच करत असताना ते देण्याचे कारण काय?

दहा टक्क्यांचे कलमही तसेच आहे. दहा टक्के हा आकडा ऐकायला ओळखीचा वाटतो, कारण जेथे प्रकाशक खर्च करतो तेथे तो साधारण त्या आसपास असतो. छपाईचे पैसे तुम्ही दिले असतील तर त्या प्रती तुमच्या आहेत. विक्रेत्याचे आणि वितरकाचे कमिशन वजा जाता उरलेल्या रकमेतला मोठा भाग तुमचा असायला हवा. त्यात २०० प्रतींची अट मिळवा. ज्या प्रती तुमच्या पैशांनी छापल्या त्याच तुम्हाला ‘सवलतीने’ पुन्हा विकल्या जाणार आहेत आणि त्यांवर स्वामित्वधनही नाही. एकाच वस्तूची किंमत तुमच्याकडून दोनदा घेतली जात आहे.

प्रतींची संख्या प्रकाशक ठरवणार, याचा अर्थ तुम्हाला घ्यायच्या आहेत तेवढ्या आणि वर काही मोजक्या प्रती छापल्या तरी करार पाळला गेला असेच होते. मागणीनुसार एकेक प्रत छापण्याची सोय आल्यापासून ‘प्रथम आवृत्ती’ या शब्दांमागे गठ्ठे असतीलच असे राहिलेले नाही. त्यात गैर काही नाही, पण मग हजार प्रतींचा अंदाज धरून रक्कम घेता कामा नये.

अशा व्यवहारांत लेखकाचे काय होते याबद्दल ब्रिटनमधील सोसायटी ऑफ ऑथर्स आणि तेथील रायटर्स गिल्ड या लेखक-संघटनांनी २०२२ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला होता. त्यांच्या पाहणीत पैसे भरून पुस्तक काढलेल्यांपैकी ९४ टक्के लेखकांना तोटा झाल्याचे दिसले. अशा पाहणीला पोळलेले लोकच अधिक प्रतिसाद देतात ही शक्यता धरली, तरी आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण नैतिकदृष्ट्या मला तोट्यापेक्षा दुसरी गोष्ट अधिक खटकते. तोटा होण्याची शक्यता प्रकाशकाला आपल्या आधीच्या पुस्तकांवरून ठाऊक असते, लेखकाला नसते, आणि प्रकाशक त्याबद्दल गप्प राहून ‘अभिनंदन’ लिहितो. एखाद्या संस्थेने ‘आमच्याकडे अशा पुस्तकाच्या सरासरी इतक्या प्रती खपतात’ हे लेखी सांगितले आणि तरीही लेखक पैसे भरायला तयार झाला, तर माझी काहीही हरकत नाही.

छोटा प्रकाशक

हा धागा दोन दिवस नुसता वाचत होतो. मी लेखकांकडून पैसे घेतो, तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो असे समजा.

माझ्याकडे कवितासंग्रह, समीक्षा आणि स्थानिक इतिहास असे लेखन येते. या प्रकारांचे वाचक थोडे असतात, विक्रेते ही पुस्तके दर्शनी भागात ठेवत नाहीत आणि पहिली छपाई संपायला कधीकधी पाच-सहा वर्षे जातात. माझे भांडवल वर्षाला तीन-चार पुस्तके सोसते. पाचवे पुस्तक चांगले असेल तर मी लेखकाला सरळ सांगतो की पुस्तक मला आवडले आहे, पण पैसे अडकवणे मला शक्य नाही. अर्धा खर्च तुम्ही केलात तर काढू. छापखान्याचे, चित्रकाराचे आणि मुद्रितशोधकाचे खर्चपत्रक मी त्याच्यासमोर ठेवतो. विक्रीतून आधी दोघांची गुंतवणूक परत येते आणि त्यानंतर नफा निम्मा-निम्मा होतो. हक्क लेखकाचेच राहतात. नाकारलेल्या हस्तलिखितांचा गठ्ठा माझ्याकडेही आहे आणि त्यातल्या दोघांनी संपूर्ण खर्च करण्याची तयारी दाखवली होती, तरी मी ती पुस्तके काढली नाहीत. हे अनैतिक असेल तर कसे ते कृपया सांगावे.

आता संपादनमेज यांना उद्देशून. ज्या संस्था लेखकाकडून एक पैसाही घेत नाहीत त्यांचे हात नेहमी स्वच्छ असतात, असे सूचित होऊ नये. वर्षानुवर्षे विक्रीचा हिशेब न देणे, स्वामित्वधनाऐवजी प्रती घेऊन जा म्हणणे, दुसरी आवृत्ती निघाल्याचे लेखकाला दुकानात कळणे, ही वसुलीच आहे. फक्त ती नंतर होते आणि तिची पावती नसते. मी उघडपणे घेतो म्हणून मी दिसतो, इतकाच फरक आहे.

पेशीविज्ञान

संशोधन-नियतकालिकांच्या जगात हा प्रश्न आधीच येऊन गेला आहे, म्हणून थोडक्यात भर घालते. सर्वांना विनामूल्य वाचता येणाऱ्या अनेक नियतकालिकांत लेख प्रसिद्ध करण्यासाठी लेखकाच्या बाजूने शुल्क दिले जाते. बहुतेक वेळा ते संशोधनाच्या निधीतून किंवा संस्थेकडून जाते, आणि चांगल्या नियतकालिकांत ज्यांना शक्य नाही त्यांना ते माफ होते. या पद्धतीचा नैतिक आधार एकच आहे : लेख तपासणाऱ्या तज्ज्ञाचा पैशाशी संबंध नसावा आणि निर्णय शुल्काच्या आधी व्हावा. हा आधार जेथे नसतो तेथे काय होते, ते जॉन बोहॅनन यांनी ‘सायन्स’ नियतकालिकासाठी २०१३ मध्ये दाखवले. ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक बनावट शोधनिबंध त्यांनी किरकोळ फेरफार करून ३०४ नियतकालिकांकडे पाठवला आणि १५७ जणांनी तो स्वीकारला. मात्र ९८ जणांनी तो नाकारला, आणि त्यांच्यातही शुल्क घेणारी नियतकालिके होतीच. म्हणून छोटा प्रकाशक यांनी पूर्ण खर्च करणाऱ्या दोघांना नकार दिला, हा तपशील मला त्यांच्या बाकी सगळ्या युक्तिवादापेक्षा वजनदार वाटतो.

संपादनमेज

छोटा प्रकाशक यांच्या व्यवहाराला मी अनैतिक म्हणणार नाही. एकही प्रत खपली नाही तर त्यांचाही अर्धा पैसा बुडतो, त्यामुळे माझ्या पहिल्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर आहे. हिशेब न देणाऱ्या संस्थांबद्दल त्यांनी लिहिले तेही खरे आहे आणि त्याचा बचाव मला करायचा नाही.

तरीही एक गोष्ट सलते, आणि ती सज्जन प्रकाशकालाही लागू पडते. त्यांच्या पाचव्या पुस्तकाच्या जागी दोन सारख्याच तोलाची हस्तलिखिते असतील, एक निवृत्त अधिकाऱ्याचे आणि दुसरे रोजंदारीवर जगणाऱ्या बाईचे, तर कोणते निघेल? त्यांनी कोणालाही फसवलेले नाही, खर्चपत्रकही दाखवले आहे, आणि तरी पुस्तक पहिल्याचेच निघेल. असे शेकडो छोटे निर्णय एकत्र आले की कोणाचे अनुभव छापले गेले आणि कोणाचे नाही, हे खिशावरून ठरते, आणि वाचकाला ते कधीच कळत नाही. एखाद्या लेखकाचे यात काही बिघडत नाही, बिघडते ते त्या भाषेतल्या साहित्याचे. ग्रंथालयांची खरेदी, अनुदाने, वाचकांकडून आगाऊ नोंदणी हे मार्ग म्हणूनच महत्त्वाचे आहेत. पैसा बाहेरून यावा, पण तो लेखकाकडूनच यावा असे नाही.

छोटा प्रकाशक

आक्षेप मान्य. आगाऊ नोंदणीचा प्रयोग मी एका संग्रहासाठी केला होता आणि खर्चाच्या निम्म्याहून थोडे अधिक जमले. पण नोंदणी करणारेही शेवटी कवीच्या ओळखीतलेच होते, आणि रोजंदारीवरच्या बाईंच्या ओळखीत तितके पुस्तक घेणारे असतील का, हा प्रश्न उरतोच. लेखकाच्या पैशांतून निघालेल्या पुस्तकावर तसा उल्लेख श्रेयपानावर करावा, असा विचार मी काही दिवस करत आहे. दोन लेखकांना विचारले. दोघांनीही नको म्हटले.

नवकथा

मी प्रकाशकांना ईमेल करून चार गोष्टी विचारल्या होत्या : एकही प्रत खपली नाही तर तुमचे नुकसान किती, पहिल्या छपाईच्या प्रती किती, अनुवाद आणि रूपांतराचे हक्क माझ्याकडे ठेवता येतील का, आणि पैसे भरायला तयार असलेल्या किती लेखकांना आपण गेल्या वर्षी नकार दिला. आज उत्तर आले. हक्कांचे कलम बदलायला ते लगेच तयार झाले, दहा वर्षांची तीनही करतो म्हणाले, आणि महिनाअखेरपर्यंत पहिला हप्ता भरल्यास प्रतींची अट २०० वरून १०० वर आणतो असेही कळवले. बाकी तीन प्रश्नांबद्दल पत्रात एक ओळही नाही.

करारवाचक यांना एक विचारायचे आहे. मी हस्तलिखिताची एकमेव छापील प्रत त्यांच्याकडे दिलेली नाही, फाइल पाठवली आहे, आणि कशावरही सही केलेली नाही. तरीही नकार कळवताना फाइलबद्दल काही लेखी मागून घ्यावे का?

करारवाचक

सही नाही आणि पैसे दिलेले नाहीत, तर हक्क पूर्णपणे तुमच्याकडेच आहेत. तरीही नकाराच्या पत्रात ‘हस्तलिखिताची फाइल आपल्या संग्रहातून काढून टाकावी आणि तसे कळवावे’ एवढे एक वाक्य घाला आणि उत्तर जपून ठेवा. महिनाअखेरच्या सवलतीबद्दल पत्रात काहीही लिहू नका, नाहीतर पुढच्या महिन्यात आणखी एक सवलत येईल.